ईस्टरपर्यंत कोरडा

१४ फेब्रुवारी, शनिवार
झालं एकदाचं. सकाळी आत गेलो तो संध्याकाळी बाहेर. डोकं पूर्ण भादरलंय, पुढे लाल ठिपक्यांची रांगोळी. डॉक्टर म्हणाला, मागचे केस काढून पुढे लावलेत, आता जपायचं काम तुमचं. महिनाभर पोहायचं नाही. पूल नाही, समुद्र नाही, गावचं तळं, आपलं बावखल, तर अजिबात नाही, ओल्या जखमेत घाण पाणी गेलं की इन्फेक्शन. म्हटलं, नो प्रॉब्लेम.
प्लॅन पक्का आहे. मार्चच्या मध्याला पाण्यात. ईस्टरच्या सोमवारी चर्चची जोडी शर्यत. आधी बाईने दोन फेऱ्या, तिने भिंतीला हात लावला की पुरुषाने दोन. मी आणि माझी बायको ॲनी सलग तीन वर्षं दुसरे. यंदा पहिले. केसांसकट.
ॲनी गाडी चालवत होती. म्हणाली, मी कधी म्हटलं होतं का तुला, केस हवेत म्हणून?
बायका असं बोलतातच. गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभाच्या फोटोत ही शेजारच्या रॉबर्टकडे बघून हसतेय. मी झूम करून बघितलंय.

१६ फेब्रुवारी
कपाळ सुजून डोळ्यांवर आलंय. नॉर्मल म्हणे.
रॉबर्ट आला होता, वाडीतली केळी द्यायला. शेजारीच राहतो. माणिकपूरला स्पेअर पार्ट्सचं दुकान. डोक्यावर एक केस नाही. आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही, मला तेच सहन होत नाही. माणसाला थोडी तरी लाज हवी. मी आतल्या खोलीत लपलेलो. दारात ॲनी मोठ्याने हसली. नंतर विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, केळ्यांचं बोलत होतो.
केळ्यांत हसण्यासारखं काय असतं?

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
ईस्टरआधीचा उपासकाळ, म्हणजे लेंट, आजपासून.
एवढं प्लॅनिंग केलं, पण चर्चमध्ये मिस्सेला पुरुषांनी टोपी काढायची असते हे डोक्यातच आलं नाही. आता काढू कशी? मागच्या खांबाआड उभा राहिलो. राख घ्यायला रांगेत जावंच लागलं. फादरांनी कपाळावर क्रूस काढायला अंगठा उचलला, मी मान मागे घेतली. पुन्हा उचलला, पुन्हा घेतली. मागची रांग खोळंबली. शेवटी त्यांनी राख नाकाला लावली.
बाहेर बॅप्टिस्ट अंकलनी गाठलं. पाचूबंदरचा कोळी माणूस, होडीतून बोलला तर किनाऱ्यावर ऐकू येईल. टोपी कशाला रे देवळात? आणि पोहायला दिसत नाहीस तो? माझ्या तोंडून निघून गेलं, लेंटचं व्रत आहे अंकल. ईस्टरपर्यंत पाण्यात उतरणार नाही. टोपी पण व्रतातच. एवढ्या उकाड्यात डोकं झाकून ठेवायचं, देहदंड म्हणून. अंकलचे डोळे भरून आले. म्हणाले, शाब्बास बाबा, पानी सोडलंस, आता मासळी पन सोड.
चारचौघांत म्हणाले. सोडली.
पण आयडिया काय सुचली! कोणी टोपीखाली बघणार नाही. ॲनीने मात्र घरी येऊन आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, देवाच्या नावावर थाप मारलीस. थाप कसली? पोहत नाहीये हे खरंच आहे ना?

२२ फेब्रुवारी, रविवार
फादरांनी प्रवचनात नाव घेतलं. आपले प्लासिड. लोकांनी वळून बघितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. रॉबर्टचं नाव आजवर कधी प्रवचनात आलेलं नाही.

२४ फेब्रुवारी
ॲनीने सराव सुरू केला. रॉबर्टबरोबर. त्याची जोडीदार म्हणजे बहीण स्टेफी, ती कॅनडाला गेली. मी म्हटलं, एकटी पोह. म्हणाली, भिंतीला हात लावल्यावर पुढे कोणीतरी उडी मारायला हवं ना? फक्त सरावापुरतं.
मी परवानगी दिली. तिने मागितली नव्हती. पण दिली.

५ मार्च
खपल्या गेल्या. डोकं आता बरं दिसतं, म्हणजे मला दिसतं.
ॲनी सरावाहून संध्याकाळी साडेसातला यायची ती आज आठ वाजून गेले तरी नाही. आल्यावर अंगाला भुजिंगचा, भाजलेल्या कोंबडी-पोह्यांचा वास. रॉबर्टने आगाशीहून आणलं होतं, पूलच्या काठावर सगळ्यांनी खाल्लं. सगळ्यांनी म्हणजे कोणी? म्हणाली, सगळ्यांनी. मी इथे पंधरा दिवस पापलेट बघितलेलं नाही आणि हा टकल्या माझ्या बायकोला भुजिंग भरवतोय. भरवतोय असं ती म्हणाली नाही. पण मला कळतं.

१६ मार्च
डॉक्टरकडे. परमिशन मिळाली! आता पोहा म्हणाला. सूर मारू नका, भर उन्हात जाऊ नका, कॅप सैल घ्या, घासून ओढू नका, बाहेर आल्याबरोबर साध्या पाण्याने डोकं धुवा. तोंडपाठ केलं.
फक्त एक बारीकसा घोटाळा आहे. केस गळतायत. उशीवर, टॉवेलवर, आमटीत. डॉक्टर म्हणाला, लावलेले केस आधी गळतात, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी नवे येतात. म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं? ॲनी म्हणाली, सांगितलं होतं, तू तेव्हा आरशात बघत होतास.
आणि व्रत आहेच. डॉक्टरने सोडलं, पण देवाने अडकवलं. ईस्टर अजून तीन आठवडे लांब. ॲनी हसत हसत म्हणाली, वेलंकनी मातेला नवसाचे केस दिले म्हणाला असतास तर टोपीही नको होती आणि आज पाण्यात असतास. लोकांनी पेढे मागितले असते फक्त.
एवढं साधं मला का नाही सुचलं? आणि तिला सुचलं तर तेव्हाच का नाही बोलली? रॉबर्टबरोबर पोहायचं होतं म्हणून. दुसरं काय.

१९ मार्च
युक्ती. विरारला जाऊन पोहायचं, तिथे आपल्या गावचं काळं कुत्रं नसतं. हाफ डे टाकला. क्लबात पैसे भरले, कपडे बदलले, कॅप सैल चढवली, पायऱ्यांवरून अलगद एक पाय पाण्यात. समोरून हाक आली, अय्या प्लासिड!
ग्लोरिया. आमच्या चर्चच्या गायनमंडळातली. भाच्यांना घेऊन आलेली. म्हणाली, तुझं तर व्रत ना? पाय बाहेर काढला. म्हटलं, पोहायला नाही आलो, मोह किती होतो ते बघायला आलोय. रोज पाण्याजवळ बसायचं आणि उतरायचं नाही, असं ठरवलंय.
ग्लोरिया तोंडावर हात ठेवून बघतच राहिली.

२२ मार्च, रविवार
फादर प्रवचनात म्हणाले, आपल्यातला एक भाऊ रोज पाण्याकाठी बसून मोहाशी झुंजतोय.
मिस्सा सुटल्यावर अंकल म्हणाले, आज संध्याकाळी येतो बघायला. आता रोज बसणं आलं.

२५ मार्च
पूलकाठच्या बाकावर चौथा दिवस. एका परीने बरंच आहे, समोर लक्ष राहतं. ॲनीची पाय मारायची पद्धत चुकतेय. ओरडून सांगितलं. श्वास चुकीच्या बाजूला घेतेय. सांगितलं. वळताना वेळ घालवते. सांगितलं. रॉबर्ट काहीच सांगत नाही! ती भिंतीजवळ आली की नुसता हसतो आणि दमलीस का विचारतो. हा काय कोच? असा माणूस कोणाला जिंकवणार?
दमल्याचं मी कधी विचारलं नाही. विचारलं तर माणूस आणखी दमतो.
ॲनीने मध्येच काठाशी येऊन सांगितलं, प्लासिड, व्रतात मौन पण असतं.
अंकल म्हणाले, बरोबर बोलली पोरगी.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
आज शर्यतीसाठी नावं द्यायची होती. मी टेबलापाशी पोहोचायच्या आत ॲनीने दिली. ॲनी आणि रॉबर्ट. चर्चमध्ये मिळालेल्या झावळीची माझ्या हातात रागाने दोरी झाली. घरी म्हटलं, शर्यत ईस्टरनंतर आहे, तेव्हा माझं व्रत संपलेलं असेल. म्हणाली, दीड महिना पाण्याला शिवला नाहीस, रॉबर्टने माझ्याबरोबर रोज सराव केलाय, आता त्याला नाही कसं सांगू?
मी विचारलं, तुला तो आवडतो का?
तिने हातातली झावळी क्रूसामागे खोचली. मग म्हणाली, मला पोहायला आवडतं.
हे उत्तर झालं का? रात्रभर विचार केला. नाही झालं.

६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
काल टोपी काढली. लोक बघत राहिले. पुढे आधी होते तेवढेही केस नाहीत, बाकी डोक्यावर नुसते खुंट. ग्लोरिया म्हणाली, किती कडक व्रत केलंस रे, केस पण गेले. बॅप्टिस्ट अंकलनी डोक्यावरून हात फिरवला. फिरवू दिला.
आज शर्यत. सहा जोड्या. मला वाटलं हे दोघं पहिले येणार, मग मी काय तोंड दाखवणार? देवाजवळ काय मागितलं ते इथे लिहीत नाही.
पण देवाने ऐकलं. पाचवे आले! ॲनी दुसऱ्या फेरीत मागे पडली, रॉबर्टची उडी पोटावर पडली, अख्खा काठ हसला. मी उठून उभा राहिलो. आता बघ म्हटलं, आता कळेल हिला, माझ्याशिवाय काय होतं ते.
आणि ही पाण्यात उभी राहून हसतेय. खदाखदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रॉबर्ट पोट चोळतोय आणि तोही हसतोय.
माझ्याबरोबर तीन वेळा दुसरी आली, कप मिळाला, तेव्हा घरी येईपर्यंत बोलली नव्हती. मला वाटायचं पहिला नंबर गेल्याचं दुःख.

७ एप्रिल
आज सरळ विचारलं, पुढच्या वर्षी कोणाबरोबर? ॲनी म्हणाली, कोणाबरोबरच नाही. शर्यतच नको. सकाळी जाऊन नुसती पोहणार.
म्हणजे रॉबर्टचा पत्ता कट! मी बाल्कनीत जाऊन दोन मिनिटं हसलो.
मग आत येऊन विचारलं, मी आलो तर चालेल? डॉक्टरची परमिशन आहे, सूर मारणार नाही. ती कपड्यांच्या घड्या करत होती. थांबली. म्हणाली, ये. पण काही सांगायचं नाही. एक शब्द नाही. नुसतं पोहायचं, माझ्या बाजूला. जमेल?
म्हटलं, न जमायला काय झालं? उद्या सहाचा अलार्म लावलाय.
फक्त तिचा डावा हात पाण्यात उशिरा पडतो. तेवढं पहिल्याच दिवशी एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे बोलायलाच नको.