जनीच्या नावाचा जुगार

पनवेल कोळीवाडा
११ ऑगस्ट २०२५

चि. समृद्धीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, 'जनीसुकट डॉट इन', वर्षाला आठशे रुपयांना पडायचं. त्याची खरी किंमत परवा कळली: दुबईची ऑर्डर, पंचवीस वर्षांची पत आणि तुझ्या आजीचा अबोला.

मुदत जूनमध्ये संपत होती. पैसे भरा म्हणून कंपनीच्या मुलीचा फोन आला. तिला म्हटलं, बाई, मासेमारी बंदीत होडी बाहेर पडत नाही, तसा आमच्या घरातून पैसाही पडत नाही. नारळी पौर्णिमेला भरतो. परवा खाडीत नारळ सोडला, दुकानात येऊन साइट उघडली आणि हातातला चहा सांडला. बोंबलांच्या जागी तीन पत्त्यांचा जुगार! वर ठळक नाव जनीचं! कुणीतरी नाव विकत घेऊन बसलाय. आई एवढंच म्हणाली, की माजं नाव जुगाराला लावलंस, आता मला जेवन नको. ईमेलही त्याच नावावर होता, म्हणून हे टपालाने.

साइटवरच्या नंबरवर तीनदा बोललो. माझे कान तू जाणतेस. लिलावात नुसत्या आवाजावरून समोरच्याच्या खिशात किती आहेत ते सांगतो. हा पन्नाशीचा, मुरलेला. तीन लाखांवरून हलेना. शेवटी म्हटलं, तुझ्याही घरी आई असेलच की. दोन क्षण गप्प झाला! हेलावला गडी. अजून एका फोनात फुकट देतो बघ. तरी तू वकीलबाई, एक नजर टाक.

लोभ खारवून ठेव, म्हणजे टिकेल.
तुझा काशिकाका

पुणे
१९ ऑगस्ट २०२५

ती. काशिकाकांस,
शि. सा. न.

पत्र वाचून हादरलेच. लगेच त्या नंबरवर फोन केला, आणि दुसऱ्यांदा हादरले. काका, तिथे माणूसच नाही, कॉम्प्युटर बोलतो. आज जेवायला काय केलंय विचारलं, तरी तीन लाखच म्हणाला. मालक कुठेतरी लपलाय. आता कृपा करून फोन करू नका.

ट्रेडमार्क आजीच्या नावावर आहे, तेवढाच आधार. त्याचा कागद आणि नाव छापलेली सुकटीची जुनी पाकिटं पाठवा, तक्रार दाखल करते. हरलो तर नाव कायमचं गेलं, हे आधीच सांगते. आजीला म्हणावं, जेवली नाहीस तर सही कोण करणार?

माया आहे तेवढी राहू द्यावी.
आपली समृद्धी

पनवेल
१२ नोव्हेंबर २०२५

चि. समृद्धीस,
अ. उ. आ.

निकाल आला, नाव आईला परत मिळालं! मला दोनदा वाचावा लागला. साइटवर पुन्हा सुकट दिसली, तेव्हा आई म्हणाली, की फोटोत जवळा बारीक दिसतो. म्हणजे बोलायला लागली. दहा वर्षांचे पैसे एकदम भरले. दुबईवाला मात्र परतला नाही.

आमच्यावर जीव असू दे.
काशिकाका

ता. क. तू बजावूनही आज त्या नंबरवर फोन लावलाच. बोंबलाचा भाव विचारला. तेव्हाही तो तेवढेच दोन क्षण गप्प झाला.