गळलेली अट

रविवार, ८ फेब्रुवारी
दुपारची जेवणं झाल्यावर

चि. थोरल्यास,

आशीर्वाद. मी धडधाकट आहे. गुडघे जिथे दुखत होते तिथेच दुखतात. इथे पाणी गरम करायचं बटण भिंतीवर इतकं वर बसवलंय की म्हाताऱ्या बायकाही आंघोळ करतात हे बसवणाऱ्याला माहीत नसावं. सूनबाईला सांग, तिने दिलेली शाल उपयोगी पडते आहे.

तुझी ठकी बरी आहे. जेवते. म्हणजे ताट पुढे ठेवून हातातली पेन्सिल काढून घेतली की जेवते.

तुझे फोन आले ते मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात तसं होत नाही. तेव्हा आता पाणी पी, नीट बस आणि ओळीने वाच. मधलं सोडून खाली उडी मारू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तू मला इथे तिच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर पाठवलंस ते तिचं सामान बांधून तिला घेऊन यायला. तिने फोनवर सांगितलं की गणित जमत नाही, परत येते, आणि तू म्हणालास, मी आधीच सांगितलं होतं. मी शेजारीच बसले होते. कपाटांची मोठी ऑर्डर आल्यावर तुझ्या तोंडावर जे पसरतं तेच तेव्हा पसरलं होतं. कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी टेबलसुद्धा लावून ठेवलंस म्हणे. असो.

मी पोचले तेव्हा पोरगी जमिनीवर बसली होती आणि भोवती कागद, वारं सुटून रद्दीवाल्याची गाडी उलटावी तसे. सरांनी घरून सोडवून आणायला एक प्रश्न दिलेला. इथलं गणित आपल्या गणितासारखं नसतं, त्यात आकडेच नसतात. अमुक गोष्ट खरी आहे, ती का खरी आहे ते सिद्ध करा, एवढंच. वर्गातल्या सगळ्यांनी करून दिलं, हिला जमेना. सरांनी मुदत वाढवून दिली, तीही संपत आलेली. तिच्या खोलीत एक चष्मेवाली राहते, वर्गात पहिली येते, पण स्वभावाने गरीब. तिने आपला सोडवलेला कागद हिच्या उशाशी आणून ठेवला होता.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, बये, जायचंच आहे तर नापास होऊन कशाला जातेस, तिचं उतरवून दे आणि चल. बसली उतरवायला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मध्येच हिचा हात थांबला. काय झालं विचारलं तर म्हणते, ही पायरी कशी आली ते कळत नाही. मी म्हटलं, पहिली येणाऱ्या पोरीने लिहिलीय म्हणजे आली असेल कशीतरी.

"आजी, मला पटल्याशिवाय हात पुढे जात नाही."

मी म्हटलं, मग तोच हात सामान बांधायला लाव. ऐकलं नाही. हट्टी आहे. कुणावर गेली ते मी लिहीत नाही, तुझ्या घरात आरसा आहे.

मग तिने चष्मेवालीला समोर बसवलं आणि पायरी समजावून सांग म्हणाली. ती म्हणाली, अगं हे उघडच आहे. ही म्हणाली, उघड आहे तर दाखव. चष्मेवाली जोरात सुटली आणि बोलता बोलता हळू होत गेली, भरलेला हातगाडा चढावर होतो तशी. शेवटी थांबलीच. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं आता भांडतात. कसलं काय, दोघींनाही आधी आपणच लिहून बघायचं होतं, पेन्सिलीवरून मारामारी सुरू झाली.

आता ती पायरी काय होती ते सांगते, सगळा प्रश्न तिच्यावरच उभा होता. ठकीने मला सांगितलं, मी तुला सांगते, मध्ये जे सांडेल ते माझ्या ओंजळीतून सांडलं असं समज. असं धर, तू एका रस्त्यावर उभा आहेस आणि बरोबर तुझ्या पायाखाली रस्ता चढाचा आहे. तर मग तुझ्या अगदी जवळचा थोडासा तुकडा तरी सगळा चढताच असणार, होय की नाही? मी होय म्हटलं. अख्ख्या वर्गाने होय म्हटलं. मग ठकीने एक रस्ता बनवला. मला कळावा म्हणून खिडकीच्या पडद्याला चुण्या घालून दाखवला. लांब असताना मोठ्या चुण्या, जवळ येईल तशा बारीक, मग आणखी बारीक, आणि त्या एका जागेशी येईपर्यंत त्या संपतच नाहीत. बरोबर त्या जागेवर रस्ता चढाचाच, हे तिने मांडून दाखवलं, ते मला कळलं नाही. पण शेजारी मात्र कितीही जवळून बघ, केसाएवढा तुकडा घे, तो वर-खाली वर-खाली करतच असतो. म्हणजे जे सिद्ध करा म्हणून सांगितलं तेच मुळात खोटं. जमणार कुठून? पोरगी इतके दिवस स्वतःला मठ्ठ म्हणत होती आणि मठ्ठ होता तो प्रश्न.

थोरल्या, मी या वयात पडद्याच्या चुण्या धरून खुर्चीवर उभी होते आणि हसत होते. सूनबाईला सांगू नकोस, गुडघ्यांवरून बोलेल.

पण बाईसाहेब सरांकडे जाईनात. सरांचं चुकलंय हे सरांना सांगायचं कसं, म्हणे. मी म्हटलं, तोंडाने. तरी बसून राहिली. मग मला उमगलं. तुझ्या कारखान्यातला तो जुना वेल्डर गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, मालक, दार उलट्या बाजूला लागलंय. दार उलटंच होतं. पण त्यानंतर तू त्याच्याशी कामापुरतंही धड बोलला नाहीस आणि शेवटी तो आपणहून गेला. तेव्हा ही तिथेच कोपऱ्यात शाळेचा अभ्यास करत होती. पोरं अभ्यास करताना कान घरी ठेवून येत नाहीत.

तर मी तिला दंडाला धरून नेलं. सर तुझ्याच वयाचे असतील, कोपरापर्यंत खडू. कागद उभ्यानेच वाचायला घेतला. मग बसले. मग उठून फळ्यापाशी गेले, काहीतरी काढलं, बाहीनेच पुसलं, पुन्हा काढलं. ठकीने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी मनात म्हटलं, आता हा माणूस दार दाखवणार.

तो हसायला लागला. कपाटातून जुने कागद उपसले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. इथे एक अट होती म्हणे, रस्त्याचा चढ एकाएकी बदलता कामा नये अशी. टाइप करताना ती गळली. तेव्हापासून दरवर्षी तोच प्रश्न मुलांना देतात, दरवर्षी मुलं तो सिद्ध करून आणतात आणि दरवर्षी हे तपासून गुण देतात. मला वाटलं, आता तरी हळू आवाजात बोलतील. दार उघडून शेजारच्या खोल्यांतल्या मास्तरांना हाका मारल्या आणि म्हणाले, "या, या, हिने मला पकडलंय." घरात नातू झाल्यासारखा चेहरा. मग मला विचारलं, आजी, ही असं कुठे शिकली? मी म्हटलं, शिकली कुठली, अडली.

अरे, ज्याची चूक सापडली तोच नाचतोय, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्या घरात तर नाहीच नाही.

परवा तिला सगळ्या मास्तरांपुढे ते समजावून सांगायला लावलं. मी पहिल्या बाकावर. बाक अरुंद आहेत, पण बसले. पोरगी फळ्यावर धडाधड लिहीत गेली आणि मध्ये एकदम थांबली. ती वळून म्हणाली, "थांबा, हे मी चुकीचं लिहिलंय." पुसलं आणि पुन्हा लिहायला लागली. कुणी हसलं नाही. सगळे नुसते थांबले होते, दळण होईस्तोवर थांबतात तसे. तुझी लेक चारचौघांत मी चुकले म्हणाली आणि तिचं काहीएक बिघडलं नाही. मला त्या गणितापेक्षा हेच जास्त पटलं.

आता जे लिहायला इतका कागद खर्च केला ते. सरांनी तिला वरच्या वर्गात घ्यायचं ठरवलंय. निवडक मुलं असतात, एक वर्ष जास्त शिकायचं, त्यांच्या हाताखाली. ती काय म्हणाली असेल? बाबांना विचारून सांगते. आणि तेव्हापासून फोन हातात घेते आणि खाली ठेवते. एकदा जमत नाही म्हणून सांगून बसली ना, आता कुठल्या तोंडाने सांगेल की जमतं. येत्या शुक्रवारी सरांना उत्तर द्यायचं आहे. तू नाही म्हणालास तर ती येईल, ऑफिसातल्या टेबलापाशी बसेल, कामही चोख करेल. तुला दिसेलही ती रोज. पण थांबा, हे चुकलंय, असं तिथे कुणापुढे म्हणणार ती?

परतीची तिकिटं मी रद्द केली. दोन्ही. खिडकीवरच्या माणसाने कारण विचारलं, म्हटलं, गणित. तिची परीक्षा होईपर्यंत मी इथेच आहे. माझा दुसरा चष्मा आणि जाड चादर पाठवून दे.

आणि तिला फोन कर. शाबास म्हणायला तुला जड जातं, तर म्हणू नकोस. नुसतं विचार, सरांचं काय चुकलं होतं? ती सांगत सुटेल. मध्ये बोलू नकोस. कळलं नाही तर कळलं नाही म्हण, मी रोज म्हणते, ती चिडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगते.

माझे आशीर्वाद तिला रोज मिळतात. त्यांनी भागत नाही.

आई