करडीचं तेल

छकुली,

इंदापूरच्या सभेत "तारा छेडणारी पिढी काय लढणार!" असं मी गरजलो, तेव्हा तू समोरच बसली होतीस. लोक तुझ्याकडं वळून हसले. टाळ्यांसाठी मी पोटची पोर वापरली. त्याच दिवशी तू गिटार घरीच टाकून कळंब सोडलंस, त्याला तीन वर्षं झाली.

परवा गिटारच्या मानेवरची लाकडी पट्टी सुकलेली दिसली. तुझ्या बोटांचा मळ ब्रशनं घासून काढला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला पाजतो तसं करडीचं तेल पाजून ती उन्हात ठेवली. पट्टी फुगली, चिकट झाली.

बारामतीत वाद्यं विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या अय्युबकडं गिटार नेली. तो म्हणाला, "तात्या, ही काय कुऱ्हाड हाय व्हय? थेंबभर लावून लगेच पुसायचं असतं. आन् ही तर छकुलीची! तिनं दिवाळीत माझ्याकडनं नवी नेली की."

म्हणजे दिवाळीत तू तासाभराच्या वाटेवर होतीस आणि घरी आली नाहीस. या पत्राचंही उत्तर येणार नाही, म्हणून मी ते पोस्टात टाकणार नाही.

"तरी दुरुस्त कर," मी अय्युबला म्हणालो. कुणासाठी, हे त्यानं विचारलं नाही.

तुझे,
तात्या