दर्शनी काचेतला मोठ्या कानांचा माणूस

बुधवार, दुकानातून

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुमच्या समुपदेशन केंद्राच्या सहा फ्रेमांना खर्च किती आला, असं तू विचारलंस. पट्टी, काच, मागचा पुठ्ठा हे सगळं बिलात आहे, भाचीचं काम म्हणून नफा वगळून. बिलात नाही ते असं: माझ्या डाव्या अंगठ्याचं नख, आणि तुझ्या मामीचा दोन जेवणांपुरता अबोला. नखाचं कारण हातोडी. अबोल्याचं कारण काही कळलं नाही. मी सहाव्या चित्राला खिळे ठोकत होतो, ती वरून जेवायला बोलवायला आली, चित्र पाहिलं आणि तशीच जिना चढून गेली.

चित्र मात्र झकास आहे हं! तुमच्याकडे लोक मनातलं कागदावर काढून मोकळे होतात म्हणतेस, तर हा कोणीतरी पुरता मोकळा झालाय. जेवणाचं टेबल आहे. नवरा खिडकीतून बाहेर झुकलाय, कान सुपाएवढे, दोन्ही कानांवर काहीबाही खोचलेलं. मागे काडीएवढी बायको तोंड उघडून त्याला काहीतरी सांगतेय. मी एकटाच हसत सुटलो. त्यावर नवी गडद पट्टी अशी काही खुलली की नमुना म्हणून दर्शनी काचेत लावून टाकलं. आम्ही फ्रेमवाले चांगलं काम चार दिवस काचेत ठेवतोच. लोक थांबतात, चित्राकडे बघतात, मग आत माझ्याकडे बघून हसतात. कामाची कदर आहे लोकांना. समोरचा शिंपी तर आत येऊन, वहिनी बऱ्या आहेत ना, अशी चौकशीही करून गेला.

कोणाचं चित्र ते तू सांगणार नाहीस, पण मी ओळखलंय. शिंप्याच्या घरातलं! त्याचे कान बघ एकदा. अगं, डोक्यावर काचा वाहणारा माणूस मी, या दुकानापर्यंत आलो तो कानांच्या जोरावर. शेजारी चमचा पडला तर स्टीलचा की पितळेचा ते मी सांगतो. या गल्लीतलं काही माझ्या कानांतून सुटत नाही.

पत्र मामीजवळ देतोय, तुमच्या फाटकावर ठेवेल. ती दर गुरुवारी तुमच्याच बाजूला येते, कशाला ते तिलाच ठाऊक. पाकीट उघडं दिलं तरी वाचायची नाही, अशी बाई. मी असतो तर चिकटवलेलंही वाफेवर उघडलं असतं.

मामावर जीव आहे तो तसाच राहू दे.
तुझा मामा


शुक्रवार, केंद्रातून

ती. मामांस सा. न. वि. वि.

चित्र आधी काढा. हे पत्र पुढे वाचण्याआधी उठा आणि काढा. काढलंत? आता वाचा.

मामा, चित्रं पालथी ठेवा, कोणाला दाखवू नका, काम झालं की कागदात गुंडाळा, हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं, गठ्ठ्यावर लिहिलं आणि वर घरी फोन करून मामीकडेही निरोप दिला. ज्यांची ती चित्रं आहेत त्यांनी ती फक्त केंद्राच्या आतल्या खोलीत, नावाशिवाय लावायला परवानगी दिली होती. माणूस आमच्यासमोर बोलत नाही ते रंगात बोलतो. ते बोलणं त्याचं. मी त्याचा अर्थ दुसऱ्याला सांगत नाही, तो माणूस आमच्याकडे येतो हेसुद्धा सांगत नाही. आणि तुम्ही ते भर रस्त्यावर टांगलंत, वर कोणाचं ते ओळखायची स्पर्धा लावलीत!

आमच्या मोठ्या बाई काल चष्मा दुरुस्त करायला तुमच्या गल्लीत आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. रागावल्या नाहीत, ते फार वाईट. मला कायम करायचं की नाही हे या महिन्यात ठरायचं आहे. नियम असा की चित्र ज्याचं, त्याला झालेलं सगळं सांगायचं, आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. माझ्यावरचा विश्वास उडाला असं ते माणूस म्हणालं, तर मी इथून गेले समजा.

फोन करू नका. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि गिऱ्हाइकं मला सल्ले देतात.

रागावले आहे, तरी तुमचीच,
खारू


रविवार, दुकानातून

चि. खारूताईस आशीर्वाद.

चित्र काढलं. पालथं ठेवलं, वर चादर घातली, चादरीवर पुठ्ठे रचले. काल एकानं विचारलं, ते गमतीचं चित्र कुठे गेलं हो? मी म्हणालो, कुठलं चित्र? बघ, शिकलो की नाही.

जेवण जात नाही मला. माझ्या चार खिळ्यांपायी तुझं अन्न जायला नको. म्हणून विचार करून ठेवलाय. तू फक्त हो किंवा नाही म्हण, म्हणजे त्या माणसाच्या घरी जाऊन मी पाय धरतो, वर एक मोठी फ्रेम फुकट. शिंपीणबाई? नसतील तर बेकरीवाल्याची सून? ती हल्ली फार गप्प असते. की निवृत्त पोस्टमास्तर? त्यांना बायको नाही, पण कल्पनेनं काढली असेल. तू नुसती नाही म्हणत जा, उरेल ते मी बघतो.

मामी म्हणते, उगाच नाक खुपसू नका. तिला यातलं काय कळतंय!

चुकलेल्या मामाला टाकू नकोस.
मामा


मंगळवार, केंद्रातून

ती. मामांस सा. न. वि. वि.

हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही. नऊ जणांना नाही म्हटलं की दहावा आपोआप उघडा पडतो, हे तुमच्यासारख्या चतुर माणसाला मी काय सांगायचं? पोस्टमास्तर, सून, शिंपीणबाई, तुमच्या दुकानासमोर बसणारं मांजर, सगळ्यांना माझं उत्तर हेच.

कोणाला विचारू नका. कोणाची माफी मागायला जाऊ नका. माफी मागितलीत म्हणजे नाव फोडलंत, आणि तेही बहुधा चुकीचं. गुरुवारी मोठ्या बाई त्या माणसाशी बोलतील. तोवर गप्प बसणं एवढंच तुमच्या हातात आहे. अवघड आहे, जाणून आहे.

अजूनही तुमचीच,
खारू


बुधवार, रात्र, दुकानातून

चि. खारूताईस,

गप्प बसलो नाही. आधी ते सांगतो.

सकाळी शिंप्याकडे गेलो. माफी मागितली नाही. नुसतं म्हणालो की माणसानं घरी बायकोचं ऐकावं, खिडकीत कमी बसावं. त्यानं मशीन थांबवलं. मग गळ्यातली टेप काढली, चार गिऱ्हाइकांसमोर आधी स्वतःचा कान मोजला, मग माझा धरून मोजला. माझा बोटभर जास्त भरला. मग म्हणाला, मालक, चित्रातल्या माणसाच्या दोन्ही कानांवर काय खोचलंय ते नीट बघितलंत का? या गल्लीत दोन्ही कानांवर पेन्सिली लावून हिंडणारा माणूस एकच आहे.

मी हात वर नेला. दोन्ही होत्या.

आणि लोक काचेतून माझ्याकडे बघून हसत होते ते पट्टीच्या कौतुकानं नव्हे, हेही तेव्हाच उमगलं.

आता मला तुला काही विचारायचं नाही. तू हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. मी वर जातोय. पाकीट आज चिकटवून देतोय, उगाचच.

मामा


गुरुवार, केंद्राच्या बाकावरून

चि. खारूस मामीचे आशीर्वाद.

हे फाटकावरच्या माणसाजवळ ठेवून जातेय. तू इतके महिने सख्ख्या मामीला व्हरांड्यात ओळख दाखवली नाहीस. पहिल्यांदा राग आला होता, मग कौतुक वाटलं. माझ्या खोलीत तू कधी डोकावलीसुद्धा नाहीस.

मोठ्या बाईंनी आज मला सगळं सांगून विचारलं. मी म्हणाले, तोंड मुलीनं उघडलं नाही, चित्र काचेत टांगलं ते फ्रेमवाल्यानं, आणि तो माझ्या घरातला आहे, त्याचं मी बघते. त्या हसल्या. म्हणाल्या, मुलीला सांगा, निर्धास्त राहा. माझं चित्र केंद्रातच लावा. मात्र चौकट दुसरी, ही फार गडद आहे.

काल रात्री हे वर आले. खिडकी लावून घेतली. कानांवरच्या पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या, समोर बसले आणि म्हणाले, बोल. मला काही सुचेना! मग त्यांनीच हळूच विचारलं की दर गुरुवारी कुठे जातेस, सांगावंसं वाटलं तरच सांग.

सांगितलं. चांगले हादरले. इतके दिवस चोरून ठेवलंस, म्हणाले.

चोरून कशाला ठेवेन? पहिल्याच गुरुवारी निघताना सांगितलं होतं मी. तेव्हा हे खिडकीत उभे होते. शेजारी काहीतरी पडलं होतं, ते स्टीलचं की पितळेचं ते ऐकत होते.

तुझी मामी