सीताफळांवरचे डाग

३ ऑक्टोबर १९९८, मु. सावली
अखेर आलो. बसमधून ट्रंक, ईझल आणि जवसाच्या तेलाचा डबा उतरवताना कंडक्टर कुरकुरला, पण माझा आनंद कमी झाला नाही. छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता फक्त माझी चित्रं. घरमालक देवाजी धानाचे शेतकरी. त्यांची विधवा बहीण शकुबाई मला दोन वेळचं जेवण देणार आहेत. खोलीला उत्तरेची खिडकी आहे. तिचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही. फळं-भांडी रंगवणाऱ्याला आणखी काय हवं?

५ ऑक्टोबर
शकुबाईंनी जंगलातली पाच सीताफळं आणली. पाण्याच्या पितळी गुंडाशेजारी मांडली. त्यांच्या हिरव्यावरची पांढुरकी झाक मला आयुष्यभर हुलकावणी देत आली होती. आज साधली. जेवायचंही विसरलो.

६ ऑक्टोबर
चित्रातल्या मधल्या फळावर काळा डाग. मी लावलेला नाही. खरवडून पुन्हा हिरवा भरला.

८ ऑक्टोबर
डाग पुन्हा आला. तेल बदललं, नवी ट्यूब फोडली, तीनदा पुसलं. शेवटी ब्रश भिंतीवर फेकला. दुपारी मधलं सीताफळ उचलून पाहिलं, तर त्याच जागी, त्याच आकाराचा डाग. फळं सडायचीच, अशी मनाची समजूत घातली.

११ ऑक्टोबर
पेरू झाले, भोपळा झाला, जास्वंद झाली. आधी चित्रात काळं पडतं, दुसऱ्या दिवशी खरोखरचं. एकही चित्र पुरं होत नाही. यासाठी का निवृत्तीची वाट पाहिली? शकुबाई दारात भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "माहा फोटो आजवर कोनी काढलाच नाई, भाऊ. फळं काऊन काढता? मलेच काढा ना." मी माणसं काढत नाही, असं सांगितलं.

१३ ऑक्टोबर
काढलं. वैतागून काढलं. माणूस काही फळासारखा सडत नाही, असं स्वतःला बजावलं. शकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तासन्‌तास बसल्या. इतकं जिवंत चित्र माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

१४ ऑक्टोबर
चित्रात डाव्या गालावर डाग. तिळाएवढा.

१५ ऑक्टोबर
शकुबाईंच्या गालावरही. काहीतरी चावलं असेल म्हणाल्या. मला ठाऊक होतं, तरी रंगवलं.

१६ ऑक्टोबर
चित्रातला डाग रुपयाएवढा. राहवलं नाही, सुरीने खरवडला. त्याच क्षणी अंगणातून किंकाळी — त्या भांडी घासत होत्या. गाल सोलून निघाला होता. कशानं, ते त्यांना सांगता येईना.

१७ ऑक्टोबर
देवाजी त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांना काही कळत नाही म्हणे. इथे चित्रात आता मानही काळी. वरून रंग द्यावा, तर त्यांचा श्वासच कोंडला तर —

१८ ऑक्टोबर
देवाजी एकटेच परतले. शकुबाई दवाखान्यातच आहेत, अजून बोलतात. मी सगळं सांगून टाकलं. ते उठून रॉकेल घेऊन आले.

मी आतून कडी लावलीय. देवाजी बाहेरून म्हणतायत, "द्या ते इकडं, भाऊ. जाळून टाकतो, मंग ते बरी होते."

कसं समजावू — सुरी लावली तर गाल गेला, मग आगीनं —

चित्र पोटाशी धरलंय. कडी उचकटतेय. दाराखालून रॉकेल आत येतंय. देवाजी, काडी ओढू नका, ही आग तिकडे दवाखान्यात त्यांनाही —