टँक मैदानात कोण नेत होतं

तेरखेडा,
१० ऑगस्ट २०२५, रविवार

चि. आरोही,

आशीर्वाद. इकडं सगळं बरं आहे, तिकडंही असेल. विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. अक्षर माझंच आहे, चौथीतलं. हसायचं असलं तर आत्ताच हसून घे. फोन केला असता, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं. कागदावर तुला मधी बोलता येत न्हाय, हे बरं.

घरचं सांगते. न्हाणीवरचा पत्रा बदलला. शेळीला दोन करडं झाली. कारखान्यातल्या लक्ष्मीबाईचा भाजलेला हात भरून आला. दोन बोटं वाकत न्हायत, तरी भाकरी थापती. तुझा भाऊ इंद्रजित येरमाळ्याला मोबाइलच्या दुकानात जातो, आठच्या आत घरी येत न्हाय.

आता मुद्द्याचं. तू पुण्याहून आन इंद्रजित इथून, तो टँकच्या लढाईचा खेळ खेळता ना, त्यात मार्चपासून रोज संध्याकाळी सात ते आठ मी बसत होते. टँकवर नाव इंद्याचं, चालवणारी मी.

सुरुवात त्यानंच केली. येरमाळ्याहून फोन आला, "आई, बस चुकली. आरोही सातला येती, आमच्यात एक गडी कमी पडंल. कॉम्प्युटर चालू कर, टँक नुसता उभा ठेव. माइक बंद ठेव, तोंड उघडू नको."

म्हटलं, "दिवसभर फटाके भरून आलेय, आता तुझं रणगाडं राखू व्हय रं?"

तरी बसले. तो फोनवर सांगत गेला, मी दाबत गेले. कानाला ते हेडफोन लावलं आन तुझा आवाज आला, "इंद्या, आलास का रं?"

वर्षानं ऐकला. मग रोज बसले. इंद्याला म्हटलं, तू सावकाश ये. माइक बिघडलाय असं त्यानं तुला कळवून टाकलं.

नुसतं उभं राहणं मला जमत न्हाय. दोन दिवसांत चालवायला शिकले, चौथ्या दिवशी तोफ उडवली. पहिला गोळा आपल्याच माणसाला घातला. तो कुठला कोण, हिंदीत माझी आई काढायला लागला. मी पण त्याची काढली. माइक बंद होता म्हणून वाचला. तू मात्र खोकला येईस्तोवर हसलीस.

तुझं गाऱ्हाणं एकच. "भिंतीच्या आड थांब की रं! गोळा पडला की मैदानात कशाला पळतोस?"

मला कळायचं, पण हात ऐकत नव्हते. बावीस वर्षं फटाक्याच्या कारखान्यात काढली. आवाज झाला की हातातलं टाकायचं आन मोकळ्या रानात पळायचं. भिंतीपाशी थांबायचं न्हाय, ती अंगावर येती. रानात जाऊन एकमेकींची डोकी मोजायची. खेळात सगळं उलटं. तिथं मोकळ्यात गेलं की मेलं. रोज मरत होते मी, तुझ्यासमोर.

जूनमध्ये तू म्हणालीस, "इंद्या, सातवा लागला मला. आईला सांगू नको. ती येईल आन तुझ्या पंचाक्षरी दाजीला परत काहीतरी बोलून जाईल."

माझा टँक तिथंच थांबला. समोरचे आले, गोळा घालून गेले. सातव्याची ओटी आईनं भरायची. आन मला लेक पोटुशी असल्याचं खेळात कळलं. लई राग आला. इंद्याच्या पुढं ताट आपटलं. त्याला आधीच माहीत होतं.

मग जुलै सरता सरता तो दिवस आला. गोळा पडला, मी मैदानात. तू ओरडली न्हायस. मग हळू आवाजात म्हणालीस, "इंद्या कधी कारखान्यात गेला न्हाय. आवाज झाला की रानात पळायचं, हे त्याला कुणी शिकवलं?"

माइकचं बटण दाबून एक शब्द बोलायचा होता. मी कॉम्प्युटरची पिनच उपटली. त्या दिवसापासून बसले न्हाय. इंद्या सांगतो, तू रोज फोनवर विचारतीस, "त्या दिवशी कोण होतं?" तो खोटं बोलतो. मी सांगते. व्हय, मीच होते.

आता राहिलं ते लिहिते. मघापासून शेळ्या-करडं चाललंय ते ह्याच्यामुळंच.

गेल्या वर्षी लक्ष्मीबाईच्या शेडमध्ये भडका उडाला तेव्हा तुम्ही दोघं पुण्याहून धावत आलात. जावईबापू म्हणाले, "आई, सोडा हे काम. आमच्याकडं चला." चांगल्या मनानं म्हणाले. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जावयाच्या ताटातलं खायला मी भिकारीण न्हाय." ते भरल्या ताटावरून उठले. तू म्हणालीस, काम सोडशील तेव्हाच ह्या घरात पाय ठेवीन. मी म्हटलं, नको ठेवू. तिसऱ्या दिवशी कामावर गेले. तुला वाटलं, हिला भीतीच न्हाय. होती. घरी बसले असते तर परत त्या शेडमध्ये पाय टाकायची हिंमत झाली नसती, म्हणून गेले. हे तुला सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी त्या भल्या माणसाला बोलले. चुकलं.

एक तारखेपासून काम बंद केलंय. मालक म्हणाला, "सारजाबाई, ऐन दिवाळीच्या मालात चाललीस, परत जागा मिळायची न्हाय." म्हटलं, बरं. तुझा हट्ट जिंकला असं समजून फुगू नको. नखातली फटाक्याची रुपेरी पूड निघायला महिना लागतो. तसल्या बोटांनी लेकराला न्हाऊ घालायचं न्हाय मला. रोज चिंचेनं घासते. दोन्ही अंगठे तेवढे राहिलेत.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण घराला अजून फटाक्याच्या दारूचा वास आहे, त्यात तू येणार न्हायस, मी ओढणार न्हाय. मी तिकडं येते म्हणते. सव्वा महिना राहीन, मग जाईन. जावईबापूंची माफी त्यांच्या तोंडावर मागायची आहे, ती कागदावर उरकत न्हाय. आधी त्यांना विचार. ते न्हाय म्हणाले तर तू त्यांच्याशी भांडू नको. मी इथं बसून काय चिडायचं ते चिडेन.

ये म्हण न्हायतर नको म्हण, पण कळव.

विचारून येणारी,
तुझी आई