आत्याच्या कॉम्प्युटरचे प्राण जाणं आणि मीटरबाईंचं येणं

तीर्थरूप थोरल्या काकांना,

इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंचा खोकला कसा आहे? (मागच्या वेळी मी सुचवलेला उपाय त्यांनी केला नसेल तर उत्तम, तो घोड्यांसाठी होता असं नंतर कळलं.) मी खुशाल आहे. गेले सात आठवडे आत्याकडे आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने एक युगच. बाकीच्या नातेवाइकांनी मला एकेक करून दारं लावली, त्यात कुणाचाच दोष नाही, पण एवढं एकच दार उघडं उरलंय. या आठवड्यात तेही लागायची वेळ आली होती, म्हणून हे पत्र.

आत्या पुस्तकांच्या शेवटी असते ती सूची करते, हे तुम्हाला माहीत आहेच. (मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती आपोआप उगवते.) सध्या पक्ष्यांवरच्या एका जाडजूड ग्रंथाची सूची चालू आहे. तीन महिन्यांचं काम, सगळं त्या एका कॉम्प्युटरमध्ये, दुसरीकडे प्रत नाही, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचं. तर सोमवारी कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, हूं की चूं नाही.

मी म्हटलं, आत्या, मी आहे ना! एका गावी मी मोबाइलच्या दुकानात नऊ दिवस होतो. तेव्हा मंगळवारी मी पडद्याची वायर बदलली. मग आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. बुधवारी नाण्याएवढा सेल नवा घातला. यातल्या कशाचा कशाशी संबंध नव्हता, पण घासलेली पट्टी काय चकाकत होती म्हणून सांगू! आत्या दारात उभी राहून बघत होती. "झालं का रे?" एवढंच विचारायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी मीटरबाई आल्या. आत्याची जुनी मैत्रीण, लिफ्टच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस. परगावी गेल्या होत्या, पिशवी खाली ठेवली आणि तशाच आल्या. गळ्यात चष्म्याच्या दोरीला वीज मोजायचा काट्याचा मीटर. काका, मी बरीच गावं हिंडलो, बरेच उस्ताद पाहिले, पण असा हात नाही पाहिला. आल्या आल्या कॉम्प्युटरला हातच लावला नाही! टेबलावरचा दिवा उचलला आणि भिंतीतल्या त्याच सॉकेटला लावला. लागला. "भिंत जिवंत आहे," म्हणाल्या. मग पडद्याची वीजवायर कॉम्प्युटरला लावून पाहिली. नाही. "वायरही निर्दोष." मी तीन दिवस ज्या खोलीत गोंधळ घातला, तिथे त्या एकेका संशयिताला घरी सोडत होत्या.

मग कॉम्प्युटरचा डबा ओढून त्याची पाठ समोर आणली, क्षणभर तिथे पाहिलं आणि पॉवर सप्लायचा चौकोनी ठोकळा सगळ्या जोडण्या सोडवून बाहेर काढला. तो ठोकळा भिंतीची वीज घेऊन बाकीच्यांना सोसेल अशी करून वाटतो. मी त्याचे स्क्रू उघडायला गेलो तर हातावर फटका. "हात मागे! वायर काढली म्हणजे मेला असं नाही. आत वीज दबा धरून बसते." मग पाठीवर नखाने काहीतरी सरकवलं आणि तो एकटाच सॉकेटला लावला. जांभळ्या तारेवर बटण न दाबताही पाच व्होल्ट हवेत. काटा शून्यावरून हलेना. कागदाच्या टाचणीने हिरवी तार काळ्या तारेला जोडली, म्हणजे बटण दाबल्यासारखंच. ठोकळ्यातला पंखा फिरायला हवा. फिरला नाही. "गेला," म्हणाल्या, आणि हळूच मला ठोकळ्याची पाठ दाखवली. तिथे एक लाल खटका आहे.

(काका, इथे एक गोष्ट सांगायची राहिली. रविवारी आत्या विजेच्या बिलावर बडबडत होती. सोमवारी ती बाजारात गेली तेव्हा मला तो खटका दिसला. त्यावर २३० लिहिलेलं. सरकवला की ११५. मी म्हटलं, निम्मी वीज! सरकवला आणि बटण दाबलं. भिंत मात्र २३० च देत राहिली. फाट् झालं. मी खिडक्या उघडल्या आणि वास जावा म्हणून कांदा परतायला टाकला.)

मीटरबाईंनी मघाशी नखाने जागेवर आणला तो हाच खटका. आत्याने विचारलं, "कशाने गेला गं?" त्या म्हणाल्या, "यंत्राला काय झालं ते मी सांगितलं. माणसांचं माणसं सांगतील." मग पिशवीतून दुसरा सप्लाय काढून आधी तोही मोजला, मगच बसवला. पडदा उजळला, सगळे पक्षी जागच्या जागी! आत्याने डोळे पुसले आणि कामाला बसली.

तुमचा,
ज्याचा पत्ता सगळे पेन्सिलने लिहितात तो पुतण्या

ता. क. खरं काम असं, की तुम्ही आत्याला चार ओळी लिहा. जुने सप्लाय आपोआप जातात, तुमचाही गेला होता, वगैरे. तुमचा शब्द ती मानते.

ता. क. २ लिहू नका. पाकीट चिकटवता चिकटवता मीच सांगून टाकलं. (सूची वेळेत गेली.) ती म्हणाली, "सोमवारीच कळलं. तू आपणहून कांदा चिरतोस होय? आत येऊन पाठ बघितली, खटका दिसला. शनिवारपर्यंत वाट बघणार होते, मग मात्र तुझी बॅग दारात." आज शुक्रवार.

ता. क. ३ आणि सोमवारीच तिने फोनवर मीटरबाईंना सगळं सांगितलं होतं, खटक्यासकट! मी धावत त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मग तासभर ते सगळं कशाला? बाई मान वर न करता म्हणाल्या, "तिने सांगितलं. मी मोजलं कुठे होतं?"